केळीच्या हिशोबातून निघालेला रेझ्युमे: खान्देशातून नोकरी शोधणाऱ्यांसाठी

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात बहिणीकडे गेलो होतो. रस-पुरणपोळीचं जेवण झालं, अंगणात खाटा पडल्या आणि भाच्याने मोबाईल पुढे केला. "मामा, जरा बायोडाटा पाहून द्या ना. चाळीस ठिकाणी टाकला, एकाचाही फोन नाही."

फाईल उघडली. वर मधोमध ठळक अक्षरांत 'बायोडाटा'. खाली जन्मतारीख, धर्म, जात, रक्तगट, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती. कुलदैवत आणि मामाचं गाव तेवढं राहिलं होतं, नाहीतर थेट स्थळं पाहायला पाठवता आला असता. मग इंग्रजीत ते ठरलेलं वाक्य: आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःची आणि कंपनीची प्रगती साधायची आहे. पुढे दहावी-बारावी-बी.कॉम.च्या टक्क्यांचा तक्ता. छंद: वाचन, क्रिकेट, संगीत. तळाला 'वरील माहिती खरी आहे' आणि सहीची रेघ.

मी जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात १२ वर्षं भरतीचं काम पाहिलं. हाच कागद, हीच वाक्यं, फक्त नाव वेगळं, असे गठ्ठे टेबलावर यायचे. त्यात पोरांचा दोष थोडाच. गावात झेरॉक्सचं दुकान एक, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये फाईल एक, आणि अख्ख्या गावाचा बायोडाटा त्याच फाईलवर नाव बदलून निघतो. माझा पहिला बायोडाटाही तसाच निघाला होता. आधीच्या गिऱ्हाईकाचा छंद पुसायचा राहिला. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "बुद्धिबळ खेळता का? बरं, घोडा कसा चालतो?" मला घोडा फक्त सारंगखेड्याच्या जत्रेतला माहीत. नोकरी अर्थातच गेली.

भाच्याला मी विचारलं, "बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं काय करू राहिला?" तर म्हणे, "काही नाही मामा. घरचंच तं पाहत होतो, केळीचं." ह्या 'काही नाही'मध्ये त्याचा अख्खा रेझ्युमे दडलेला होता. त्या रात्री तो बाहेर कसा काढला, ते पायरीपायरीने सांगतो.

आधी जाहिरात वाचा, कागद नंतर

भाच्याला पुण्याजवळ चाकणच्या बाजूला स्टोअर असिस्टंटची जागा दिसली होती. मी म्हटलं, ती जाहिरात वहीत उतरवून घे आणि कामाच्या शब्दांखाली रेघ मार. रेघा पडल्या त्या अशा: माल आवक-जावक नोंद, स्टॉक पडताळणी, एक्सेल, फिफो, चलन आणि ई-वे बिल, शिफ्टमध्ये काम.

हे सहा शब्द म्हणजे मालकाने विचारलेले सहा प्रश्न. रेझ्युमेने त्यांचीच उत्तरं द्यायची असतात. तुमचा जन्म कुठे झाला हे त्याने विचारलेलं नाही. म्हणूनच चाळीस ठिकाणी एकच कागद टाकण्यात अर्थ नसतो. एक मोठी मूळ फाईल तयार ठेवा, तिच्यात सगळं काही असू द्या, आणि दर अर्जाच्या वेळी तिच्यातून जाहिरातीपुरतं उचलून नवी फाईल करा. पहिल्यांदा तास जातो, नंतर वीस मिनिटं पुरतात.

मग केलेलं सगळं काम वहीत काढा

इथे घाई करू नका. कॉम्प्युटर बंद ठेवा, वही घ्या आणि एका दिवसाचं काम सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून काढा. भाच्याकडून मी असंच वदवून घेतलं. सकाळी सहाला बागेत. केळी कापणारे मजूर मोजायचे, हजेरी लिहायची. घड उतरले की मालाची प्रत पाहून वेगळा काढायचा. ट्रक भरला की काट्यावर. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, काटापावती. त्या दिवसाचा भाव, त्यातून कटती, शेतकऱ्याला किती द्यायचे, व्यापाऱ्याकडून किती यायचे. संध्याकाळी वडिलांच्या वहीतला हिशोब मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये.

"एक्सेल कशाला?" मी विचारलं.

"वहीत एकदा दोन पावत्या डबल लिहिल्या गेल्या होत्या. पार्टीशी भांडण झालं. तेव्हापासून मी पावती नंबर टाकून शीट करतो, डबल नंबर आला तं तो लाल होतो."

मी खाटेवरून उठून बसलो. हा पोरगा स्टॉक आणि पावत्यांचा ताळमेळ घालतो, चूक पकडायला स्वतःची पद्धत बसवतो, आणि बायोडाटात लिहितो: छंद, संगीत.

मग फिफोवर आलो. "फिफो माहीत आहे?" "नाही मामा." "चेंबरमध्ये केळी पिकायला लावता, तेव्हा बाहेर कोणती काढता आधी?" तो हसला. "आधी लावलेली आधी. नाहीतर काळी पडते." झालं, हेच फिफो. काम त्याला येत होतं, त्याचं नाव तेवढं माहीत नव्हतं. खान्देशातल्या बऱ्याच पोरांची गाडी इथेच अडते. जळगावच्या दालमिलमध्ये सॉर्टेक्स मशीनवर, म्हणजे खराब दाणे वेगळे काढणाऱ्या मशीनवर, उभा राहिलेला पोरगा 'हेल्पर' एवढंच लिहितो, खरं तर तो प्रतवारीचं आणि क्वालिटीचं काम करत असतो. नंदुरबारच्या मिरची बाजारात हंगामभर वजन-नोंदी केलेला मुलगा ते लिहीतच नाही, कारण 'ती काय नोकरी थोडीच होती'. पाइपच्या कारखान्यात एक्स्ट्रूडरवर, म्हणजे पाइप ओढणाऱ्या मशीनवर, सहा महिने काढलेला आयटीआयवाला फक्त ट्रेडचं नाव आणि टक्के लिहितो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून २०२४ नंतर ग्रामपंचायतीत, शाळेत, सरकारी कचेरीत बसलेले कितीतरी जण योजनेचं लांबलचक नाव लिहितात, पण तिथे बसून काय केलं ते लिहीत नाहीत. दाखले टाइप केले? रोज किती? ऑनलाइन अर्ज भरून दिले? कोणते? माणूस ठेवणाऱ्याला हेच हवं असतं.

लाज बाळगू नका. घरचा धंदा असला तरी काम कामच असतं. एकच पथ्य: जेवढं तोंडी समजावून सांगता येईल तेवढंच लिहायचं. मी मुलाखतीला बसायचो तेव्हा पहिला प्रश्न रेझ्युमेतल्या सर्वात भारी ओळीवरच टाकायचो. तिथे फुगा फुटला की बाकीचं खरं असलं तरी पाण्यात जातं.

एक ओळ कशी घडवायची

वहीतून कागदावर येताना ओळीत तीन गोष्टी याव्यात: काय केलं, किती केलं, त्यातून काय झालं. सुरुवात क्रियापदाने करा. इंग्रजीत लिहिताना तर हे नक्कीच पाळा. 'जबाबदार होतो' हे शब्द गाळा, सरळ काम सांगा.

भाच्याने आधी लिहिलं होतं: 'वडिलांना केळीच्या व्यवसायात मदत केली.'

आम्ही मिळून केलं ते असं (कागदावर इंग्रजीत, इथे मराठीत देतो):

कौटुंबिक केळी व्यापार, यावल तालुका, जून २०२३ ते आजपर्यंत
– हंगामात रोज २ ते ३ ट्रक मालाची आवक-जावक नोंद. भरलेल्या व रिकाम्या वाहनाच्या वजनावरून निव्वळ वजनाची पडताळणी.
– १४ मजुरांची हजेरी व आठवड्याचा पगार-हिशोब.
– हाताच्या वहीऐवजी एक्सेल शीट सुरू केली. दुबार पावती नंबर आपोआप दिसण्याची सोय केली, त्यामुळे दुबार नोंदी लगेच पकडल्या जातात.
– पिकवण चेंबरमधला माल फिफो पद्धतीने बाहेर काढणे.

'त्यामुळे ५० टक्के वेळ वाचला' असं लिहू का, असं त्याने विचारलं. मोजलाय का? नाही. मग लिहू नको. दिवसाचे ट्रक, मजूर, पावत्या, हे आकडे त्याच्या वहीत होते, म्हणून लिहिले. टक्केवारी हवेतून काढली की ती वाचणाऱ्याला ओळखू येते. 'मेहनती', 'प्रामाणिक', 'टीममध्ये काम करणारा' हे शब्दही तसेच. ते सगळ्यांच्या कागदावर असतात, त्यामुळे कुणाच्याच उपयोगाचे राहत नाहीत.

नोकरीचा अनुभव अजिबात नसेल तर डिप्लोमाचा किंवा कॉलेजचा प्रोजेक्ट ह्याच साच्यात बसवा. 'ठिबक सिंचनावर प्रोजेक्ट केला' ह्यापेक्षा किती एकरांवर, कशाचं मोजमाप घेतलं, चौघांत तुमचा वाटा कोणता, हे सांगा. आयटीआयवाल्यांनी हत्यारांची आणि मशीनची नावं लिहावीत: वर्नियर, मायक्रोमीटर, कोणता लेथ, सीएनसीचा कंट्रोल कोणता. अकाउंटवाल्यांनी 'टॅली येतं' एवढ्यावर थांबू नये. जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे रिटर्न स्वतः भरले की नुसते पाहिले, बँक जुळवणी केली का, हे लिहावं. एमएस-सीआयटी लिहायला हरकत नाही, पण ती आता सगळ्यांकडेच असते. एक्सेलमध्ये नेमकं काय जमतं ते वजनदार ठरतं.

कागदावरचा क्रम

दोन-चार वर्षांचाच अनुभव असेल तर एक पान. दहा-पंधरा वर्षांचा असेल तर दोन. सर्वात वर नाव. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, रेझ्युमेवर नाव आधी आणि आडनाव नंतर लिहा, पण स्पेलिंग आधार, पॅन आणि गुणपत्रिकेशी जुळतंय का ते पाहा. 'चौधरी'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे झालं म्हणून रुजू होताना पीएफच्या खात्यात पोरांचे महिने गेलेले मी पाहिलेत.

नावाखाली मोबाईल, ई-मेल, गाव-तालुका-जिल्हा. घर नंबर, गल्ली, 'मारुती मंदिराजवळ' ह्याची गरज नाही. ई-मेल नाव-आडनावाचा करा. 'किंग', 'रॉयल', 'दादा' असलेले पत्ते वाचून आम्ही ऑफिसात हसायचो, हे मान्य करतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे किंवा सातपुड्याच्या पायथ्याला राहत असाल तर रेंज असलेल्या घरच्या माणसाचा दुसरा नंबरही द्या, आणि त्या माणसाला सांगून ठेवा. एचआरवाला फार तर दोनदा फोन लावतो.

मग दोन-तीन ओळींची ओळख. ध्येयबिय नको. भाच्याची ओळख अशी झाली: 'बी.कॉम. पदवीधर. केळी व्यापारात आवक-जावक नोंद, वजन पडताळणी आणि एक्सेलवर हिशोबाचा दोन वर्षांचा अनुभव. चाकण परिसरात राहायला आणि शिफ्टमध्ये काम करायला तयार. लगेच रुजू होऊ शकतो.' शेवटचं वाक्य बारीक वाटतं, पण आपल्याकडच्या मुलांसाठी ते मोलाचं आहे. पुण्या-नाशिकच्या एचआरच्या मनात एक भीती असते: हा महाराष्ट्र एक्स्प्रेसने येईल, महिनाभर राहील, आखाजीला घरी जाईल आणि परत यायचा नाही. तो प्रश्न त्याने विचारण्याआधीच मिटवून टाका.

त्याखाली येणारी कौशल्यं, मग कामाचा अनुभव, ताजा आधी. मग शिक्षण, तेही ताजं आधी. पदवीधराने दहावीचे टक्के तिसऱ्या ओळीत टाकले तरी चालतात. अप्रेंटिसशिप केली असेल तर ती शिक्षणात दडपू नका, अनुभवात घ्या. भुसावळला रेल्वेत किंवा आयुध निर्माणीत वर्षभर अप्रेंटिस म्हणून राबलेल्या मुलाने ते शेवटच्या ओळीत लिहिलेलं पाहिलं की वाईट वाटतं.

भाषांची ओळ बहुतेक जण उरकून टाकतात. आपल्या भागात ती खरी कमाईची ओळ आहे. नवापूर-नंदुरबारकडच्या मुलांना गुजराती बोलता येतं, सुरतेच्या कंपनीला अर्ज करताना ते वर घ्या. नंदुरबार जिल्ह्यात बँक, मायक्रोफायनान्स, आरोग्य किंवा संस्थेच्या कामाला अर्ज असेल तर भिली, पावरी येते हे ठळक लिहा. तिथे फिल्डवर जाणाऱ्या माणसाला ह्या भाषेवाचून काम करताच येत नाही. अहिराणीही लिहा, विशेषतः विक्रीच्या आणि कृषी सेवा कंपन्यांच्या जागांसाठी. शेतकऱ्याशी त्याच्याच बोलीत बोलता येणं ही त्यांच्यासाठी लायकी आहे. समोर कंसात बोलता, वाचता, लिहिता यातलं काय येतं ते टाका.

धर्म, जात, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय, उंची, 'वरील माहिती खरी आहे', सहीची रेघ: खाजगी कंपनीच्या कागदातून हे सगळं उडवा. सरकारी भरतीत जे लागतं ते त्यांचा फॉर्मच विचारतो. फोटो मागितला तरच. आधार आणि पॅनचे नंबर रेझ्युमेवर कधीच नको. तो कागद कुणाकुणाच्या व्हॉट्सअॅपवर फिरेल ह्याचा नेम नाही.

भरतीच्या तयारीत गेलेली वर्षं

हा आपल्याकडचा सर्वात अवघड प्रश्न. पोलीस भरती, एमपीएससी, तलाठी ह्यांच्या तयारीत तीन-तीन वर्षं जातात आणि मग ती लपवायला पोरं तारखा ओढूनताणून जुळवतात. तसं करू नका. पडताळणीत तारखा उघड्या पडतात, आणि उघड्या पडलेल्या खोट्या तारखेपेक्षा मोकळी सोडलेली तारीख बरी. सरळ एक ओळ: '२०२१ ते २०२३: स्पर्धा परीक्षांची पूर्णवेळ तयारी.' एखादी पूर्व परीक्षा पास झाला असाल तर तेही लिहा, तीही निवड आहे. त्या काळात अभ्यासिकेत शिकवण्या घेतल्या, दुकान सांभाळलं, शेती पाहिली, तर खाली तशी ओळ टाका. नापास झालो, वय निघून गेलं, हे कागदाने सांगायचं नसतं. मुलाखतीत विचारलं तर 'प्रयत्न केला, आता ह्या क्षेत्रात थांबायचं ठरवलंय' एवढं शांतपणे म्हणा. 'थांबायचं ठरवलंय' हेच त्यांना ऐकायचं असतं, कारण पुढची जाहिरात निघाली की हा राजीनामा देईल ही शंका त्यांना असतेच.

मशीनला वाचता येईल असा कागद

मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या पोर्टलांवर तुमचा रेझ्युमे माणसाच्या आधी सॉफ्टवेअर वाचतं. ते मजकूर उचलतं आणि जाहिरातीतले शब्द शोधतं. दोन कॉलमची रंगीत डिझाइन, चौकटी, तक्ते, कौशल्यांपुढचे तारे, ह्यात त्याचा गोंधळ उडू शकतो. साधा एक कॉलम, साधा फॉन्ट, १० ते १२ चा आकार, आणि शीर्षकंही नेहमीचीच.

पडताळायची सोपी युक्ती: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि स्वतःच्याच व्हॉट्सअॅपवर पेस्ट करा. क्रमाने, नीट वाचता आलं तर मशीनलाही येईल. शब्द विस्कटले किंवा काहीच निवडता आलं नाही, तर फाईलमध्ये गडबड आहे. कागदाचा फोटो काढून त्याची पीडीएफ केली की हमखास असं होतं, कारण ते चित्र असतं, अक्षरं नसतात.

पतसंस्था, मराठी शाळा, स्थानिक संस्था इथे मराठीतून अर्ज चालतो, काही ठिकाणी स्वहस्ताक्षरातलाच मागतात. मराठीत टाइप करणार असाल तर युनिकोडमध्येच करा. झेरॉक्सच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की 'शिक्षण'च्या जागी चिन्हांची शेवभाजी दिसते.

फाईलला नाव द्या: नाव, आडनाव, पद. 'बायोडाटा न्यू फायनल २' नको. ई-मेलच्या विषयात पद आणि जाहिरातीचा क्रमांक, आतमध्ये चार-पाच ओळी: कोण, कोणत्या जागेसाठी, त्या कामाचा कोणता अनुभव, कधी रुजू होऊ शकता. मजकूर कोरा सोडून नुसती फाईल चिकटवू नका. पाठवण्याआधी दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. स्वतःच्या मोबाईल नंबरातला चुकलेला आकडा स्वतःला दिसत नाही, ही गोष्ट मी निदान सहा उमेदवारांच्या बाबतीत पाहिली आहे. आणि कुणी रजिस्ट्रेशन, गणवेश किंवा ट्रेनिंगच्या नावाखाली आधी पैसे मागितले, तर तो नंबर ब्लॉक करा.

भाच्याने पुढच्या पंधरा दिवसांत नऊच अर्ज केले, दरवेळी जाहिरात वाचून. तीन फोन आले. चाकणची पहिली जागा गेली, त्यांना सॅपवर (कंपनीच्या साठ्याचा-हिशोबाचा सॉफ्टवेअर) काम केलेला हवा होता. दुसऱ्या ठिकाणी, नाशिकला अंबडमध्ये, मुलाखतीत साहेबांनी एकच ओळ धरून ठेवली: दुबार पावती कशी पकडायचास, दाखव. भाचा केळीची जुनी वही आणि मोबाईलमधली शीट दोन्ही सोबत घेऊन गेला होता. साहेबांनी आधी वही उघडली, चिकाचे डाग पडलेलं पान उलटलं, आणि म्हणाले, "हां, आता ती लाल होणारी शीट दाखव."